पोटाखालचं पोलाद

पिकअपच्या इंजिनाखालचा जुना गार्ड, म्हणजे संरक्षक पत्रा, खोलून खाली घेतला तेव्हा त्याच्या दुमडीत ओंजळभर चिखल वाळून बसलेला होता. त्यात भाताच्या रोपाची मुळं आणि सुपारीएवढा एक काळा दगड. पत्रा मधोमध आत गेलेला, कुणी गुडघा रोवावा तसा. त्या खळग्याच्या बरोबर वर, इंजिनाच्या चेंबरच्या, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्याच्या तळाशी, ऑइल काढायच्या बुचापासून (ड्रेन प्लगपासून) दोन बोटांवर केसाएवढी चीर होती. ऑइल धारेने गळत नव्हतं, नुसतं पाझरत होतं. पण ओढ्यापासून डांबरी रस्ता चार किलोमीटर लांब असला की तेवढं पाझरणंही पुरतं.

ही ऑगस्टची गोष्ट. आमचं शेत वेल्ह्याच्या पलीकडे, तोरणा दिसतो अशा बेचक्यात आहे. शेवटचा टप्पा ओढ्यातूनच जातो. दरवर्षी पावसाळ्यात ओढा आपले धोंडे हलवतो, त्यामुळे मे महिन्यात पाठ केलेली वाट ऑगस्टमध्ये उपयोगाची नसते. भातलावणी उरकून परत येताना लो गिअरमध्ये अगदी सावकाश गाडी पाण्यात घातली. पुढचं डावं चाक एका खळग्यात उतरलं, गाडीचं पोट खाली आलं आणि खालून एकच आवाज आला, 'धप्प'. पलीकडे चढल्यावर उतरून पाहिलं तर दगडावर ऑइलचे थेंब. तिथेच इंजिन बंद केलं. शेजारच्या वाडीतल्या दादांनी ट्रॅक्टरने रस्त्यापर्यंत ओढून दिलं आणि पुढे नसरापूर फाट्यावरून पुण्यापर्यंत गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर आली. नवीन चेंबर, नवीन ऑइल, दोन दिवस. इंजिन वाचलं ते केवळ ऑइलचा दिवा लागायची वाट न बघता चावी फिरवल्यामुळे. तो दिवा ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, आणि दाब पडेपर्यंत बेअरिंगांवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

गाडी म्हणजे डबल कॅब पिकअप, डिझेल, फोर बाय फोर. आदल्या वर्षीच ती दोन इंच उचलून घेतली होती. पुढे लांब स्प्रिंगा, मागे पाट्यांच्या गठ्ठ्यात एक जादा पाटा. गाडी उचलली की खालची काळजी मिटते, असं मलाही वाटत होतं. ते अर्धंच खरं आहे. स्प्रिंगांनी चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, उचलली जाते, पण मागचा सरळ अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधलं डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी, जिथे होतं तिथेच राहतं. ते उचलायचं तर टायरच मोठे लागतात, आणि टायरचा व्यास ४० मिमीने वाढवला तर उंची वाढते २० मिमी. पुढचं डिफरन्शियल चेसीला टांगलेलं असल्यामुळे ते गाडीबरोबर वर जातं खरं, पण त्यात एक मेख आहे. तीच मला पुढे दोन आठवडे पुरली.

कंपनीने दिलेला पत्रा दीड मिमीचा होता. तो चिखल, पाणी आणि उडणारी खडी अडवण्यासाठी असतो आणि ते काम त्याने नीट केलं. दोन टनांची गाडी धोंड्यावर टेकली तर तो धोंडा पेलणं हे त्याचं काम नाही. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) अशा तिन्हींखाली वेगवेगळ्या स्किड प्लेट, म्हणजे दगडावरून घसरत जाणारे जाड पत्रे, बसवायचं ठरवलं. माझा भाचा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला सुट्टीच्या दिवसांसाठी हाताशी घेतलं.

पहिला प्रश्न धातूचा. पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. इंजिनाखालची प्लेट ५ मिमीची आणि मागच्या दोन ४ मिमीच्या घेतल्या, तर तिन्ही मिळून साधारण ३५ किलो होतात. अ‍ॅल्युमिनियमचं वजन जवळजवळ एक तृतीयांश, त्यामुळे ते ६ मिमीचं घेतलं तरी निम्म्याच्या आत निभावतं. भाचा अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने होता. मी पोलादावर अडून राहिलो, कारण आमच्या ओढ्यातला दगड म्हणजे सह्याद्रीचा बेसाल्ट, काळा, कडक, धारेचा. मऊ अ‍ॅल्युमिनियम अशा दगडावर घसरण्याऐवजी त्यात रुतून धरतं आणि गाडी दगडावर अडकून बसते. पोलाद ओरखडा घेऊन पुढे सरकतं. शिवाय पोलाद वाकलं तर हातोडीने सरळ होतं आणि फाटलं तर वेल्ह्याच्या बाजारातसुद्धा वेल्डिंग करून मिळतं. वजन उचलायची तयारी असेल तर आपल्या भागात पोलादच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तयार सेट मागवला. आमच्याच मॉडेलसाठी कापलेला, लेझरने काढलेली भोकं, काळं पावडर कोटिंग. खोकं उघडल्यावर मन प्रसन्न झालं. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅक स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरायचं नाही, हे मी भाच्याला पहिल्यांदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी सांगतो. इंजिनाची प्लेट ट्रॉली जॅकवर फळी ठेवून वर चढवली. पुढची भोकं बरोबर आली. मागची मात्र येईचनात. प्लेट वर जाता जाता पुढच्या डिफरन्शियलच्या पोटाला टेकली, आणि मागच्या बोल्टांपाशी दीड सेंटिमीटरची फट तशीच राहिली.

मेख ती हीच. गाडी उचलली की चाकाकडे जाणाऱ्या दोन अ‍ॅक्सलचा कोन तीव्र होतो, कारण एक टोक चेसीबरोबर वर जातं आणि दुसरं चाकाबरोबर खाली राहतं. त्या कोनामुळे सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकापाशी वळणारा सांधा, आणि त्यावरचा रबरी बूट लवकर झिजतो. म्हणून लिफ्ट करताना कारागिराने डिफरन्शियलच्या टांगणीत २५ मिमीचे स्पेसर, म्हणजे मध्ये अंतर राखणारे ठोकळे, घालून ते खाली सोडलं होतं. त्यात त्याचं चुकलं नव्हतं. पण प्लेट कापणाऱ्याने मूळ उंचीची गाडी धरून माप घेतलेलं, आणि माझ्या गाडीचं डिफरन्शियल त्या मापापेक्षा एक इंच खाली लोंबत होतं. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, 'मागे वायसर घालून घ्या.'

माझ्याही मनात तेच आलं होतं. डिफरन्शियल आणि प्लेट यांच्यात निदान १५ मिमी मोकळी जागा हवी, कारण दगड लागला की प्लेट लवते आणि तिने वरच्या भागाला शिवता कामा नये. म्हणजे मागच्या बोल्टांवर ३० मिमीची उंची भरून काढायची. जाड वायसर दहा-बारा लागले असते. बाजारात जाण्याआधी भोसरीला एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींना दाखवावं म्हणून प्लेटा गाडीत टाकल्या. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी पोहोचलो. मिस्त्रींनी खाली वाकून टॉर्च मारला, बोट घालून फट चाचपली आणि विचारलं, 'दादा, ही वायसरची उतरंड कशाला रचताय?'

मी सांगितलं, फट भरायला.

'फट भरेल हो. पण दगड काय खालून वर नीट येणार आहे का? तो पुढून येतो, घासत. बोल्ट तीस मिलिमीटर लोंबतोय, त्याच्या टोकाला धक्का आडवा बसणार. उतरंड सरकली की बोल्ट वाकणार, आणि बोल्ट वाकला की वरच्या नटाला घेऊन जाणार.'

मग त्यांनी मला फळीवर बसवलं आणि खडूने जमिनीवर चित्र काढलं. बोल्टचं काम दोन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून धरणं एवढंच. आडवा जोर त्या दाबामुळे येणाऱ्या घर्षणाने पेलायचा असतो, बोल्टच्या अंगाने नव्हे. वायसरांच्या थरात प्रत्येक जोडाला थोडी लव असते, थोडा रंग असतो, थोडा गंज, आणि काही दिवसांत दाब उतरतो. त्याऐवजी एकसंध स्पेसर हवा, तोही नळीसारखा बारीक नको. 'बूड रुंद पाहिजे,' असं म्हणत त्यांनी पंजा जमिनीवर टेकवून दाखवला. ४० मिमी व्यासाचा ईएन-८ पोलादाचा बार, मधून साडेदहा मिमीचं आरपार भोक, दोन्ही तोंडं लेथवर काटकोनात घेतलेली.

हे सगळं ऐकून मी लगेच हो म्हटलं असतं. पण भाच्याने तोवर वहीत एक हिशेब मांडला होता.

'मामा, गाडी उचलली ५० मिमी. मूळची पोटाखालची उंची २२५, म्हणजे २७५ झाली. आता ३० मिमीचा स्पेसर, आणि जुना पत्रा दीडचा होता तिथे नवा पाचचा. वजनाने पुढची स्प्रिंग दोन-तीन मिमी बसेल. उरले किती? २३८. दोन इंच उचलून अर्धा इंच हातात!'

मला खरोखर वाईट वाटलं. वर्षभरापूर्वी एवढा खर्च करून कमावलेली उंची मी स्वतःच्या हाताने परत द्यायला निघालो होतो. प्लेट बसवायची या नादात प्लेट किती खाली येते हे मोजायचं राहूनच गेलं होतं. गाडीच्या पोटाखालची जागा ही एकच शिल्लक असते, आणि लिफ्ट, टांगणी, प्लेट, बोल्टची डोकी असे सगळे तिच्यातूनच खर्च करतात. हा हिशेब गाडी उचलायच्या आधी मांडायला हवा होता.

मिस्त्रींनी वही पाहिली, मान हलवली आणि उपाय काढला. दोन इंचांच्या लिफ्टला डिफरन्शियल पूर्ण २५ मिमी सोडायची गरज असतेच असं नाही. ते स्पेसर लेथवर घेऊन १२ मिमीचे करू, मग प्लेटला ३० ऐवजी १७ चा स्पेसर पुरेल. पण आधी तपासायचं. गाडी रॅम्पवर घेऊन चाकं पूर्ण लोंबती सोडली, स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवलं आणि एकेक चाक हाताने फिरवलं. जॉइंट अडतो का, टकटक करतो का, रबरी बुटाच्या घड्या एकमेकींना घासतात का, हे कानाने आणि बोटाने बघायचं. १२ मिमीच्या तुकड्यांवर दोन्ही बाजू मोकळ्या फिरल्या. बुटाच्या घड्यांमध्ये नखभर जागा राहिली. मिस्त्री म्हणाले, 'बास. आता हे बूट दर सर्व्हिसिंगला बघायचे, फाटायची वाट बघायची नाही.' उरलेली उंची झाली २५१, म्हणजे मूळ गाडीपेक्षा एक इंच जास्त. त्या एका इंचासाठी तीन दिवस वाट पाहिली, आणि मला ते दिवस वाया गेल्यासारखे वाटत नाहीत.

तिथल्याच पोरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तीन प्लेटा एकमेकींवर कशा चढवायच्या, याला कौलांचा न्याय लागतो, फक्त उलट्या अंगाने. पुढच्या प्लेटची मागची कड ही मधल्या प्लेटच्या खालून यायला हवी, म्हणजे पुढे जाताना दगड कडेत अडकत नाही, घसरत मागे जातो. आमच्या सेटमध्ये ते बरोबर होतं. पण ओढ्यात कधीकधी मागेही यावं लागतं, आणि तेव्हा हीच कड फावड्यासारखी दगड उचलते. म्हणून त्यांनी पुढच्या दोन्ही प्लेटांच्या मागच्या कडा बेंडिंग मशीनवर दीड सुतभर वर वळवून दिल्या. आमच्या भाषेत पाऊण सेंटिमीटरही नाही, पण फरक मोठा पडतो.

बोल्टांसाठी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. इथे एक गोष्ट नवख्याला ठाऊक नसते. एम-१० चा बोल्ट मागितला की दुकानदार बहुधा दीडच्या पिचचा, म्हणजे दोन आट्यांत दीड मिमी अंतर असलेला, देतो, कारण इमारतीच्या आणि मशीनच्या कामात तोच चालतो. गाड्यांमध्ये, विशेषतः जपानी घडणीच्या, बऱ्याचदा सव्वाचा पिच असतो. दीडचा बोल्ट सव्वाच्या नटात दोन-तीन आटे सरळ जातो, मग घट्ट लागतो, आणि माणसाला वाटतं गंज असेल. तिथे पान्याला जोर दिला की आटे गेलेच. म्हणून जुना बोल्ट खिशात घेऊन जायचा आणि त्याच्या आट्यांत नव्याचे आटे आडवे बसवून उजेडात धरायचे. मध्ये उजेड दिसला तर पिच वेगळा. दुकानातल्या काकांनी १२.९ ग्रेडचे काळे बोल्ट पुढे केले, 'हे सगळ्यांत ताकदीचे.' ताकद आहे, पण लवचिकपणा कमी, त्यामुळे आडव्या धक्क्याला ते वाकायच्या आधी तुटू शकतात. ८.८ ग्रेडच्या बोल्टवर पहिला आकडा सांगतो की बोल्ट साधारण ८०० मेगापास्कल ताणाला तुटेल, आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला तो कायमचा लांबायला लागेल. मला लांबणारा, वाकणारा, आधी इशारा देणारा बोल्ट हवा होता. ८.८ चे चौदा घेतले आणि वर सहा जास्तीचे.

बसवायला पुन्हा भोसरीलाच गेलो, कारण पार्किंगमध्ये पाठीवर पडून ३५ किलो उचलण्यापेक्षा रॅम्प बरा. दसरा चार दिवसांवर आला होता. मशीन पुसायला काढलेली, खंडेनवमीच्या पूजेची तयारी सुरू होती. मिस्त्रींनी सांगितलं, पूजेआधी गाडी बाहेर काढू. आणि तिथेच सगळ्यात मोठी अडचण आली.

ट्रान्सफर केसखालच्या प्लेटसाठी चेसीच्या आत कंपनीने वेल्ड केलेले नट असतात. त्यातल्या उजव्या मागच्या नटात बोल्ट चार फेरे गेला आणि मग सगळाच गोल फिरायला लागला. नट आतून सुटला होता. काही पावसाळ्यांचा चिखल चेसीच्या पोकळीत साठून वेल्डचा टिपका गंजलेला. आता बोल्ट ना आत जाई ना बाहेर येई. ग्राइंडरने डोकं कापून आतला तुकडा पोकळीत पाडला. कारखान्यातला पोरगा म्हणाला, चेसीला खालून खिडकी कापू, नवीन नट वेल्ड करू. मिस्त्रींनी त्याला तिथेच थांबवलं. चेसीला भोक पाडायचं नाही, आणि त्या जागेजवळून डिझेलची नळी जाते, तिथे ज्वाला न्यायची नाही.

मग जे केलं ते मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. चेसीला त्या बोल्टच्या भोकापासून वीतभर मागे कंपनीचंच एक मोठं भोक होतं, अंगठा जाईल एवढं. त्यातून हवेचा पाइप घालून आधी आतली माती बाहेर काढली, पडलेला तुकडाही चुंबकाने ओढून घेतला. मिस्त्रींनी ६ मिमीच्या पट्टीचा बोटभर तुकडा कापला, त्याला सव्वाच्या पिचचा नवा नट बाहेरच, टेबलावर, वेल्ड केला. मग बोल्टच्या भोकातून एक बारीक तार आत सरकवली आणि मागच्या मोठ्या भोकातून तिचं टोक चिमट्याने बाहेर खेचलं. तारेच्या टोकाला नटपट्टी ओवली, गाठ मारली, आणि पुढून तार हळूहळू ओढायला सुरुवात केली. पट्टी आत गेली, खडखडली, एकदा अडली. मिस्त्रींनी तार सैल सोडून पुन्हा ओढली. डोळे मिटून, मान तिरकी करून ते ऐकत होते. टक् असा आवाज आला आणि नट बरोबर भोकावर येऊन बसला. तार तशीच ताणून धरत बोल्टचं टोक तारेच्या शेजारून टेकवलं, तार काढली, बोल्ट हाताने फिरवला. धरला! पट्टी चेसीच्या भिंतीला टेकत असल्यामुळे ती गोल फिरू शकत नाही, आणि दगडाचा जोर एका टिपक्यावर येण्याऐवजी बोटभर जागेवर पसरतो. म्हणजे दुरुस्ती मूळच्यापेक्षा भक्कम झाली. भाचा एवढा वेळ टॉर्च धरून उभा होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, हे कॉलेजात कुठे शिकवतात, मामा?

यानंतर एक मुद्दा मी स्वतः धरून बसलो. बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारं डीपीएफ असतं आणि ते अधूनमधून आत साठलेली काजळी जाळतं. त्या वेळी तिथलं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. आमच्याकडे ऑक्टोबर संपला की माळावर कुसळी गवत वाळतं, कमरेएवढं, आणि त्याची कुसळं कपड्याला चिकटतात तशी गाडीखालच्या प्रत्येक कोपऱ्यात शिरतात. सपाट बंद प्लेट म्हणजे त्या गवतासाठी तयार फळी, आणि वर तापलेला पाइप. मिस्त्रींना पूर्ण बंद प्लेट भक्कम वाटत होती. मी म्हटलं, भक्कम असेल, पण आग लागली तर भक्कमपणा घेऊन काय करू? शेवटी एक्झॉस्टच्या बाजूची कड तीन बोटं मागे घेतली आणि गिअरबॉक्सच्या प्लेटला लांबट खाचा ठेवल्या, हात घालून गवत ओढून काढता येईल एवढ्या. त्यातूनच पाणी आणि गाळही खाली जातो. ज्यांची गाडी माळरानात जाते त्यांनी दर चार-पाच तासांनी उतरून खाली बघावं, हे मी कळकळीने सांगतो.

बाकीचं काम भराभर झालं. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे, प्लेट सारखी करून घ्यायची, मग मधून कडेकडे घट्ट करत जायचं. आट्यांवर निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावलं, ते साध्या पान्यानेही सुटतं आणि आट्यांत पाणी शिरू देत नाही. टॉर्क रेंचने प्रत्येकी ४५ न्यूटन-मीटर. आवाज येऊ नये म्हणून कुणी मध्ये रबर घालायला सांगतं, ते ऐकू नये. रबर दबत जातं आणि बोल्ट ढिला होतो. बोल्टची डोकी दगडाने घासून गोल होतात आणि मग पाना बसत नाही, त्यामुळे प्रत्येक डोक्याभोवती पाइपाचा बुटका कडा वेल्ड करून घेतला, डोकं त्या वाटीत बुडेल असा. कापलेल्या, वळवलेल्या सगळ्या जागी रेड ऑक्साइड आणि वरून काळा रंग. ड्रेन प्लगखालच्या भोकाची दिशा तपासून घेतली, नाहीतर ऑइल बदलताना अर्धं ऑइल प्लेटवरच सांडतं.

कायद्याचंही बघून घेतलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुल बार, क्रॅश गार्डांवर कारवाई करायला कळवलं होतं. म्हणून प्लेटचा एकही भाग बंपरच्या पुढे येऊ दिला नाही आणि विमा कंपनीला लिफ्टसह सगळं लेखी कळवलं. लिफ्ट करण्याआधीच ही चौकशी करायला हवी होती, ती मी उशिरा केली.

गाडी बाहेर काढल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासला. चौदापैकी दोन पाव फेरा सरकले, दोन्ही मधल्या प्लेटचे. रंगाचा थर दबला की असं होतं, म्हणून ही दुसरी तपासणी चुकवायची नाही. कात्रजच्या चढावर ठरावीक वेगाला खालून गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. शोधलं तर मधल्या प्लेटची कड एक्झॉस्टच्या टांगणीपासून जेमतेम दोन मिमीवर होती. तेवढा भाग कानसला आणि आवाज गेला.

दिवाळीनंतर भात कापणीला गेलो. ओढ्याचं पाणी उतरलं होतं आणि ऑगस्टमधला तो धोंडा उघडा पडला होता. दुसऱ्या वाटेने जाता आलं असतं. पण मी भाच्याला उतरवून पलीकडे उभं केलं, त्याने हाताने खुणा केल्या, लो गिअरमध्ये डावं चाक त्याच खळग्यात सोडलं. पोट टेकलं. या वेळी 'धप्प' नाही, पाटीवर खडू ओढावा तसा लांब कर्र आवाज आला, स्टिअरिंगमधून हाताला जाणवला, आणि गाडी सरकत पुढे गेली.

पलीकडे सपाटीवर गाडी बंद केली. भाचा गोणपाट अंथरून खाली शिरला.

'मामा, पुढच्या प्लेटवर एक ओरखडा. हातभर लांब. रंग गेलाय, पोलाद चमकतंय. खळगा नाही.'

'बोल्ट?'

तो एकेका वाटीत बोट घालून मोजत गेला. चौदा म्हणाला, तेव्हा मी खाली बसलो. आईने शेतावरून हाक मारली, चहा झालाय म्हणून. रेड ऑक्साइडचा डबा मी सोबत आणला होता. आधी ओरखडा पुसून, वाळवून त्यावर ब्रश फिरवला आणि मग हात धुऊन चहाला गेलो.